पोर्ट उघडं आहे, पण सर्व्हर तयार आहे का?

बॅकग्राउंडला सोडलेला सर्व्हर कामाला लागला की नाही, हे सॉकेटवरून (नेटवर्क-जोडणीच्या टोकावरून) कसं ओळखायचं याबद्दल आलेले प्रश्न. उत्तरं लिनक्स धरून दिली आहेत.

प्रश्न (ठाणे): स्क्रिप्टमध्ये सर्व्हर बॅकग्राउंडला सोडून ५ सेकंद स्लीप देतो, मग टेस्ट चालवतो. लॅपटॉपवर सगळं ठीक, सीआयच्या (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या) मशिनवर अधूनमधून फेल. स्लीप १५ करू का?

नको. ज्या दिवशी मशिनवर लोड असेल त्या दिवशी १६ लागतील, आणि एरवी प्रत्येक रनमागे दहाएक सेकंद फुकट जातील. त्याऐवजी लूप लावा: दर १०० मिलिसेकंदांनी कनेक्ट करून पाहा, एकूण मुदत ३० सेकंद ठेवा. त्याच मशिनवर त्या पोर्टला (सर्व्हर ज्या क्रमांकावर ऐकतो त्याला) कोणी ऐकत नसेल तर 'कनेक्शन रिफ्यूज्ड' लगेच येतं. तो बिघाड नव्हे. 'अजून नाही' एवढाच त्याचा अर्थ. दर खेपेला नवं सॉकेट घ्या, फसलेलं पुन्हा वापरू नका. सर्व्हर दुसऱ्या मशिनवर असेल आणि मधली फायरवॉल पॅकेट गिळत असेल, तर एकच कनेक्ट दोन मिनिटं लटकू शकतो; म्हणून प्रत्येक कनेक्टला एका सेकंदाचा वेगळा टाइमआउट द्या.

हमखास विसरलं जातं ते पुढचं. दर फेरीत सर्व्हरची प्रोसेस जिवंत आहे का तेही पाहा. कॉन्फिगमधल्या चुकीने ती पहिल्याच सेकंदाला मेली असेल तर ३० सेकंद कोणाची वाट बघायची? त्याहून वाईट म्हणजे मागच्या रनचा सर्व्हर तसाच राहिलेला असतो. नवा 'अ‍ॅड्रेस आधीच वापरात' म्हणून मरतो, तुमचा कनेक्ट जुन्याला लागतो आणि टेस्ट जुन्या कोडवर खुशाल पास होतात. म्हणून कनेक्ट झाल्यावरही एकदा प्रोसेस तपासा. पायथनमध्ये त्यासाठी सबप्रोसेसचं पोल वापरा. सिग्नल ० (प्रोसेस आहे का एवढंच तपासणारा) पाठवून विचारलंत तर झोंबी झालेली (मेलेली, पण नोंद न पुसलेली) प्रोसेसही जिवंतच दिसते.

प्रश्न (अंधेरी): कनेक्ट यशस्वी होतो, तरी पहिली रिक्वेस्ट अडकते किंवा एरर येते. असं कसं?

कारण कनेक्टला उत्तर देतो तो कर्नल (लिनक्सचा गाभा), तुमचा प्रोग्राम नव्हे. प्रोग्रामने लिसन ('आता ऐकतो') म्हटलं की टीसीपीचा हँडशेक (जोडणीची सुरुवातीची देवाणघेवाण) कर्नल परस्पर उरकतो आणि कनेक्शन रांगेत उभं करतो. अ‍ॅक्सेप्ट (प्रोग्रामने कनेक्शन हाती घेणं) अजून झालेलं नसलं तरी चालतं. दवाखान्यात डॉक्टर यायच्या आधीच कंपाउंडर नंबर लावून घेतो, तसं हे. नंबर लागला म्हणजे डॉक्टर आले असं नाही. त्या रांगेची कमाल मर्यादा सेटिंग न बदलल्यास कर्नल ५.४ पासून ४०९६ आहे, आधी १२८ होती. म्हणजे सर्व्हर आत कॅशे भरत बसला तरी बाहेरून पोर्ट बराच वेळ ठणठणीत दिसतं.

डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) आणखी एक फसवणूक आहे. पब्लिश केलेल्या (बाहेर खुल्या केलेल्या) पोर्टवर बऱ्याचदा डॉकरचा स्वतःचा प्रॉक्सी (मध्यस्थ) ऐकत असतो. कंटेनरमधला सर्व्हर उठलेला नसला तरी कनेक्ट होतो, आणि मग लगेच तुटतो.

तेव्हा कनेक्टवर थांबू नका, सर्व्हरच्या भाषेत एक खरा प्रश्न विचारा. पोस्टग्रेस या डेटाबेससाठी पीजी-इझरेडी (pg_isready) ही कमांड आहे, तिचा निकाल ० म्हणजे कनेक्शन घेतो, १ म्हणजे नाकारतो (सुरू होताना हेच येतं), २ म्हणजे उत्तरच नाही. रेडिस या डेटा-साठ्याला पिंग पाठवा, तयार असेल तर 'पाँग' येतं. डेटा अजून डिस्कवरून चढत असेल तर पाँगऐवजी 'लोडिंग' अशी एरर येते. स्वतःच्या एचटीटीपी सर्व्हरला एक हेल्थचा पत्ता ठेवा, तयारी होईपर्यंत ५०३ (सेवा उपलब्ध नाही) आणि मग २०० (ठीक).

प्रश्न (डोंबिवली): लॉगमध्ये '८०८० वर ऐकत आहे' असं दिसतं, पण 'लोकलहोस्ट'ला जोडलं की रिफ्यूज्ड.

बहुधा सर्व्हर फक्त १२७.०.०.१ वर (मशिनचा स्वतःचा आयपीव्ही४ पत्ता) बसलाय आणि तुमचा क्लायंट 'लोकलहोस्ट'चा अर्थ आयपीव्ही६ चा ::१ असा घेऊन तिथेच थांबतो. तपासणीत आकड्यातला पत्ता लिहा.

प्रश्न (दादर): सर्व्हरचं पोर्ट ४५०००. महिन्यातून एखाद्या वेळी लूप म्हणतो 'जोडलं', आणि सर्व्हर मात्र अ‍ॅड्रेस वापरात आहे म्हणून मरतो. दुसरं कोणी त्या पोर्टवर नाही!

तुम्ही स्वतःच आहात. बाहेर जाणाऱ्या कनेक्शनला कर्नल ३२७६८ ते ६०९९९ मधलं एखादं पोर्ट देतो. शेकडो वेळा ४५००० ला कनेक्ट करत राहिलात तर कधीतरी तुमच्या सॉकेटलाच ४५००० मिळतं, आणि ते स्वतःशीच जोडलं जातं. टीसीपीच्या नियमात हे बसतं. ओळखायची खूण: सॉकेटचा स्वतःचा पत्ता आणि समोरच्याचा पत्ता अगदी सारखे. तसं आढळलं तर बंद करून पुन्हा प्रयत्न करा. मुळावर उपाय हवा असेल तर सर्व्हरचं पोर्ट ३२७६८ च्या खाली घ्या.

प्रश्न (चेंबूर): असं दार ठोठावत बसण्यापेक्षा सर्व्हरलाच सांगता येणार नाही का, 'झालं' म्हणून?

येतं, आणि सर्व्हरचा कोड तुमच्या हातात असेल तर तेच करा. सर्व्हर सुरू करण्याआधी एक पाइप (दोन प्रोसेसमधली एकेरी वाट) बनवा आणि त्याचं लिहायचं टोक त्याला द्या. लिसन आणि बाकीची तयारी झाली की सर्व्हरने एक बाइट लिहायचा. तुम्ही वाचत थांबायचं: बाइट आला तर तयार, नुसता ईओएफ (लिहिणारं टोक बंद झाल्याची खूण) आला तर मेला. मात्र स्वतःकडचं लिहायचं टोक आधी बंद करा, नाहीतर सर्व्हर मेला तरी ईओएफ कधीच येणार नाही. याच वाटेने पोर्ट नंबरही पाठवता येतो: सर्व्हरने पोर्ट ० मागायचं, कर्नल मोकळं पोर्ट देईल, ते विचारून पाइपमध्ये लिहायचं. मग जुन्या सर्व्हरशी गाठ पडण्याचा प्रश्नच मिटतो.

सर्व्हिस चालवणारा सिस्टमडी असेल तर तिच्या कॉन्फिगमध्ये टाइप 'नोटिफाय' ठेवा आणि तयारी झाली की 'रेडी=१' पाठवा. सेटिंग न बदलल्यास हा निरोप मुख्य प्रोसेसकडूनच यायला हवा. दुसऱ्या प्रोसेसने पाठवलेला सिस्टमडी सोडून देतो, आणि ९० सेकंदांनी सर्व्हिस फेल दाखवतो.