शाळेच्या सूपमधला मासा

‘आम्ही तोक्योत निशिकासाईला राहतो. लेक एप्रिलमध्ये इथल्या सरकारी शाळेत पहिलीत जाणार. आम्ही पूर्ण शाकाहारी, आणि शाळेत सगळ्या मुलांना एकच जेवण. डबा दिला तर ती एकटी पडेल, नाही दिला तर खाईल काय? सासूबाई रोज फोनवर हेच विचारतात. मला जपानी जेमतेम येतं.’

तुमचं पत्र दोनदा वाचलं, कारण बारा वर्षांपूर्वी मी याच काळजीत होते. मुलगा पहिलीत जायच्या आधी मी शाळेत गेले आणि घोकून ठेवलेलं एकच वाक्य म्हटलं, ‘निकु वा ताबेमासेन’, मांस खात नाही. बाईंनी मान डोलावली, मी निर्धास्त झाले. जूनमध्ये लेक म्हणाला, ‘आई, शाळेतलं मिसोचं सूप आपल्या आमटीहून छान असतं.’ त्या रात्री महिन्याचा जेवणाचा तक्ता आणि शब्दकोश घेऊन बसले. सूपमध्ये ‘निबोशी’ होती, म्हणजे सुकवलेली बारीक मासळी.

बाईंची चूक नव्हती. ‘निकु’ म्हणजे मांस, त्यात मासा धरत नाहीत. मासा म्हणजे ‘साकाना’. आपण ‘नॉनव्हेज’ म्हटलं की मटण, मासे, अंडी सगळं एका दमात येतं, तसा रोजच्या वापरातला शब्द इथे नाही. शिवाय पदार्थात मासा दिसतच नाही. आपल्या फोडणीच्या जागी इथे ‘दाशी’ असते, म्हणजे सुकवलेल्या माशाचा नाहीतर समुद्री शेवाळाचा अर्क. कोंबू नावाच्या शेवाळाची दाशी आपल्याला चालते, कात्सुओबुशीची, म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाची, आणि निबोशीची नाही. उकडलेल्या पालकावरसुद्धा कात्सुओबुशीचा कीस भुरभुरतात.

म्हणून आधी तुम्ही दोघं नवरा-बायको ठरवा की दाशी चालणार का. माझ्या ओळखीतली काही घरं दाशी चालवून घेतात, फक्त तुकडे नाही खात. काही अजिबात नाही. दोन्ही घरं मनापासून आपापलं पाळतात. पण जे ठरेल ते सासूबाईंना तुम्ही स्वतः सांगा. सहा वर्षांच्या पोरीवर आजीपासून काही लपवायची वेळ आणू नका, हे मी कळकळीने सांगते.

मग कागदावर यादी करा: मांस, मासा, अंडं, दाशी, जिलेटिन. प्रत्येकापुढे चालतं की नाही, एवढंच. शाळा सुरू व्हायच्या आधी पालकांची माहिती-सभा असते. तिथे ‘एइयोशी’ना, म्हणजे शाळेच्या आहारतज्ज्ञांना, भेटायचं आहे असं सांगा आणि यादी हातात द्या. तोंडी सांगितलेलं विरून जातं, कागद फायलीत राहतो. पूर्ण डबा आणू देतील की काही पदार्थांपुरताच, हे शाळेगणिक वेगळं असतं. विनंती मात्र वेळेवर आणि नेमकी केली की इथले लोक मनापासून वाट काढतात, हा माझा अनुभव आहे. तुमचं निशिकासाई एदोगावा वॉर्डात येतं, तिथल्या शाळांना भारतीय मुलं नवी नाहीत. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले.

डब्याची एक युक्ती. महिन्याचा तक्ता आधीच घरी येतो, तो फ्रिजवर लावा. ज्या दिवशी वर्गाला करी-राइस, त्या दिवशी आपल्या लेकीला बटाट्या-गाजराचा रस्सा आणि भात, गरम राहील अशा डब्यात. नूडल्सच्या दिवशी शेवयांचा उपमा. शेजारच्या ताटासारखं काहीतरी आपल्या डब्यात दिसलं की मुलं सैलावतात. उन्हाळ्यात दही-ताक आणि ओल्या खोबऱ्याचं काही नको, डबा दुपारपर्यंत बाहेरच असतो.

एकटी पडेल म्हणता ना? इथे मुलंच पांढरा एप्रन आणि टोपी घालून आळीपाळीने सगळ्यांना वाढतात. डबा आणणाऱ्या मुलीलाही ती पाळी मिळू द्या, असं बाईंना आवर्जून सांगा. माझ्या लेकाने जे सूप स्वतः खाल्लं नाही, ते तीस जणांना डावाने वाढलं, आणि वर्गात त्याची जागा तिथेच तयार झाली. पाळीचा आठवडा संपला की शुक्रवारी एप्रन घरी येतो, धुऊन इस्त्री करून सोमवारी परत पाठवायचा. त्यात हयगय नको, पुढच्या मुलाला तोच घालायचा असतो.

जपानीची धास्ती सोडा. बाई आणि पालक यांच्यात ‘रेनराकुचो’ नावाची वही रोज ये-जा करते. त्यात दोन ओळी हिरागानात, म्हणजे जपानीच्या सोप्या अक्षरांत, लिहिल्या तरी पुरे. बाई वाचून शिक्का मारतात, आणि हळूहळू त्याच पानांवर ओळख वाढते.

मार्चमध्ये मात्र एक संध्याकाळ मोकळी ठेवा. गणिताच्या पेटीतली प्रत्येक काडी, प्रत्येक नखाएवढी चकती, प्रत्येक पेन्सिल, सगळ्यांवर नाव लागतं. आडनाव जपानीत कसं लिहायचं ते आधी पक्कं करा आणि वॉर्ड ऑफिसपासून चकतीपर्यंत तेच ठेवा. नावाच्या चिकटपट्ट्या छापून मिळतात. लावायला लेकीलाच शेजारी बसवा. शंभरेक वेळा स्वतःचं नाव चिकटवलं की शाळेत चपलांच्या खणावर तिला ते लांबूनच ओळखू येईल.