युकॉनच्या छोट्या मंडळीसाठी अर्ज करू का? : माझं उत्तर

पाळकसाहेब, सलाम.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) प्रेसबिटर, म्हणजे दीक्षित पाळक, नगरकडे तीनशे कुटुंबांची मंडळी सांभाळता, मिसेस नर्स आहेत, मुलगी सहा वर्षांची. कॅनडात युकॉनमधल्या एका छोट्या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या) मंडळीला पाळक हवा आहे, जागा अर्धवेळ, राहायला पार्सोनेज, म्हणजे पाळकाचं घर. तुमचे प्रश्न दोन: आपली दीक्षा तिकडे चालते का, आणि थंडी सोसेल का.

मी मूळचा सोलापूरचा. युकॉनच्या उत्तर भागात चौदा वर्षं झाली, त्यातली नऊ वर्षं मंडळीचा वॉर्डन, म्हणजे कारभार बघणारा, आहे. पाळक शोधणाऱ्या कमिटीवर तीनदा बसलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण रविवारी उपासनेला आम्ही बारा-तेरा जण असतो आणि मी कोणाबद्दल बोलतोय ते लगेच कळेल.

दीक्षेची काळजी करू नका. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन सीएनआय झाली आणि ती अँग्लिकन कम्युनियनची, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन चर्चांच्या समूहाची, सभासद आहे, त्यामुळे पुन्हा दीक्षा घ्यावी लागत नाही. पण इथे पाळक म्हणून काम करायचं लायसन्स देतात इथले बिशप, मंडळी नाही. म्हणून मंडळीला मेल पाठवून वाट बघत बसू नका. तुमच्या बिशपसाहेबांशी बोला आणि त्यांचं पत्र थेट युकॉनच्या राजधानीत, व्हाइटहॉर्सच्या बिशप ऑफिसला जाऊ द्या. पोलीस व्हेरिफिकेशन लागेल, लहान मुलं आणि दुबळ्या माणसांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण लागेल. व्हिसाचं सगळं ऑफिसच्या सल्ल्यानेच करा. लेखी होकार येईपर्यंत तिकडची नोकरी सोडू नका, एवढं मात्र नक्की ऐका.

थंडी सोसते. उणे चाळीसला नाकातले केस गोठतात, गाडीचं इंजिन गरम ठेवायला रात्रभर वायर लावून ठेवावी लागते, पण कपडे नीट असले की माणूस निभावतो. मुलं तर आठवड्यात रुळतात. अंधार जास्त कठीण. उत्तरेकडच्या डॉसन गावाच्या आसपास डिसेंबरात दिवस जेमतेम चार तासांचा, आणि टेकड्या आड आल्या तर सूर्य तेवढाही दिसत नाही.

आता जे तुम्ही विचारलं नाही, पण आमची कमिटी पहिल्यांदा विचारेल, ते: तुम्ही किती वर्षं राहाल?

माझ्या काळात चार पाळक झाले. एकजण दोन हिवाळे राहिले, एकजण दीड वर्ष, एकजण निवृत्त होते आणि तीन महिन्यांच्या बदलीवर आले होते, चौथे जरा जास्त टिकले. कोणी वाईट नव्हतं. पण दर वेळी मंडळीने आपली दुःखं नव्याने सांगायची, आणि सांगून होतात तोवर सामान बांधायची वेळ. आमच्या एका आजींनी मला स्पष्ट सांगितलं, 'आता नव्या पाळकाला मी माझ्या मुलाबद्दल सांगणार नाही. मी थकले.' पाळक नसतो तेव्हा आम्ही लायसन्स असलेले ले-रीडर, म्हणजे दीक्षा नसलेले वाचक, सकाळची प्रार्थना चालवतो. वचन वाचतो, उपदेश वाचून दाखवतो. प्रभुभोजन, म्हणजे भाकरी आणि द्राक्षारसाचा विधी, मात्र पाळकाशिवाय होत नाही. एकदा पाच महिने झालं नाही.

एक रविवार सांगतो, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. जानेवारी, उणे बेचाळीस. हिवाळ्यात आम्ही मोठं चर्च बंद ठेवतो, ते गरम ठेवायचं तेल परवडत नाही, आणि बाजूच्या खोलीत जमतो. त्या रात्री खोली गरम ठेवणारा फर्नेस बंद पडला होता. मी सातला दार उघडलं तर प्याल्यासाठी ठेवलेला द्राक्षारस बाटलीत गोठून बुच वर आलं होतं. फर्नेस चालू व्हायला साडेदहा झाले. नऊ माणसं कोट न काढता बसली. त्या दिवशी बदलीवरचे पाळक होते. त्यांनी बाटली कोटाच्या आत छातीशी धरली, तशीच धरून शुभवर्तमान वाचलं, आणि अर्पणाच्या गीतापर्यंत रस वितळला. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात जवळचं प्रभुभोजन.

युकॉन म्हणजे महाराष्ट्राच्या दीडपट प्रदेश आणि 2021 च्या जनगणनेत माणसं 40,232. त्यातली तीनातली दोन एकट्या व्हाइटहॉर्सला. बाकी गावं लांब लांब विखुरलेली. व्हाइटहॉर्स ते डॉसन पाचशे तीस किलोमीटर आहे आणि मध्ये पेट्रोलचे पंप बोटांवर मोजण्याएवढे. शेजारचा पाळक चहाला येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

इथल्या पहिल्या बिशपांचं नाव तुमच्या कानावर पडेलच, विल्यम बॉम्पस. 1865 च्या नाताळच्या सकाळी ते उत्तरेतल्या फोर्ट सिम्पसन ठाण्याला पोचले. 1874 ला बिशपपदाच्या दीक्षेसाठी लंडनला गेले, परत आले, आणि पुन्हा कधी इंग्लंड पाहिलं नाही. धर्मप्रांताची वाटणी झाली की दर वेळी दूरचा, अवघड भाग स्वतःकडे घ्यायचे. 1906 ला युकॉनमधल्या कारक्रॉस गावी वारले, तिथेच त्यांची कबर आहे. त्यांच्या जागी आलेले बिशप स्ट्रिंगर 1909 मध्ये फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनकडे निघाले, वाट चुकले, आणि सोबत्याबरोबर सीलच्या कातड्याचे बूट उकळून खाऊन जगले. ही गोष्ट इथे पोरांनाही पाठ आहे.

पण त्याच बॉम्पस यांनी मुलांचं जे वसतिगृह सुरू केलं, त्यातून कारक्रॉसची चूटला निवासी शाळा उभी राहिली. 1911 ते 1969. आदिवासी मुलांना आईबापांपासून दूर नेलं, त्यांची भाषा तोडली. चालवणारी आपलीच अँग्लिकन मंडळी. 1993 च्या ऑगस्टमध्ये कॅनडाच्या अँग्लिकन चर्चचे तेव्हाचे प्रमुख, आर्चबिशप मायकल पीअर्स यांनी मंडळीच्या वतीने माफी मागितली. आमच्या बारा जणांतले तीन अशा शाळेत होते. तरी ते येतात. का येतात, ते त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐका, विचारू नका. आपण भारतीय आहोत, गोरे नाही, म्हणून हा इतिहास आपला नाही असं मनात आणू नका. गळ्यात पांढरी कॉलर घातली की तो आपलाही होतो.

दुसरी बाजूही आहे. रॉबर्ट मॅकडॉनल्ड या पाळकांनी इथल्या गिचिन आदिवासींच्या भाषेत आख्खं बायबल आणलं, 1898 ला ते छापून झालं. त्यांच्या स्वतःच्या आईच्या घराण्यात आदिवासी रक्त होतं. आपल्याकडे म्हातारी माणसं रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पुस्तक न उघडता म्हणतात ना, तशी उत्तरेकडची गिचिन आजी-आजोबा त्यांच्या भाषेतली गीतं म्हणतात. तुम्हाला वचन मातृभाषेत ऐकण्याची किंमत माहीत आहे, ही तुमची मोठी जमेची बाजू. अर्जात जरूर लिहा.

खरं काम अंत्यविधीचं. चर्चमध्ये कधी पाऊल न टाकणारेही त्या दिवशी पाळकाला बोलावतात. जमीन गोठलेली असते, म्हणून कबरीच्या जागी लाकडं पेटवून वर पत्रे टाकतात आणि माती थोडी थोडी वितळवत खणतात. दोन दिवस, दोन रात्री. तरुण मुलं पाळीपाळीने थांबतात. ते बदलीवरचे पाळक पहिल्या रात्री नऊ वाजता थर्मास घेऊन गेले आणि पहाटे परत आले. उपदेश केला नाही. फक्त घरच्या सगळ्यात वडील बाईंना विचारलं, 'मी कुठे उभा राहू?' त्यांनी जागा दाखवली, हे तिथे उभे राहिले. गाव अजून त्यांचं नाव काढतं. तीन महिनेच होते.

आता पैशाचं. अर्धवेळ म्हणजे पगार निम्मा, फोन मात्र रात्री दोनलाही येतो. मुलाखतीत न लाजता विचारा: पार्सोनेजच्या तेलाचं बिल कोण भरतं, गाडी मंडळीची की तुमची, दुसऱ्या गावांना जायचं का, वर्षातून एकदा बाहेर जायचं भाडं मिळतं का. आम्हाला असा पाळक आवडतो. जो विचारत नाही तो पहिल्या मार्चमध्ये कर्जात असतो.

आणि मिसेसचं. इथली नोंदणी झाल्याशिवाय त्यांना नर्स म्हणून काम करता येणार नाही, आणि त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतं. ती कागदपत्रं तुमच्या अर्जाच्या आधी सुरू करा. आमच्याकडचे दोन पाळक गेले ते स्वतःमुळे नाही, घरी दिवसभर एकटं बसणाऱ्या माणसामुळे. मिसेसनी मनापासून हो म्हटलं नसेल तर अर्ज करू नका. त्यांनी हो म्हटलं तर पाच वर्षं धरून या. पहिलं वर्ष फक्त ऐकण्यात जाईल.

भेटीला बोलावलं तर मंडळी जून सुचवेल. तेव्हा रात्रीच होत नाही, नदी वाहते, सगळे खुशीत असतात. तुम्ही नोव्हेंबर मागा, आणि शक्य असेल तर दोघंही या. माझ्याकडे जादाचे दोन पार्का, म्हणजे टोपीचे जाड कोट, आहेत, मुलीच्या मापाचा मी शेजारून मागून आणतो.