'घ घराचा' येतो, मग 'घर' का येत नाही?

जुलैचा पाऊस कोसळत होता. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला असलेले वडील अर्धी रजा टाकून माझ्याकडे आले होते. सोबत आई, आज्जी आणि पहिलीतला मुलगा. त्याचं खरं नाव इथे सांगत नाही. आज्जी त्याला सोन्या म्हणते, आपणही तेच म्हणू.

"मॅडम, क पासून ज्ञ पर्यंत घडाघडा म्हणतो बघा," आई म्हणाली. "पण पुस्तक पुढ्यात ठेवलं की गप्प. मराठी शाळा, त्यात कन्नड, वर इंग्लिश. तीन-तीन लिप्यांनी गोंधळलाय का? मराठी शाळेतनं काढू काय?"

शाळा सुरू झाल्या की बेळगाव, खानापूर, निपाणीकडून हाच प्रश्न घेऊन कोणी ना कोणी येतंच. 'तीन लिप्या' हे शब्दही बहुतेक वेळा तेच असतात.

मी पाटीवर 'घर' लिहिलं. सोन्याने घ वर बोट ठेवलं. "घ घराचा." मग र. "र रथाचा." आता जोडून म्हण, म्हटलं. तो थोडा थांबला आणि आत्मविश्वासाने म्हणाला, "घराचा रथाचा."

वडील कपाळाला हात लावणार तेवढ्यात मी त्यांना थांबवलं. पोरगं बरोबर होतं की! त्याला कोणी 'घ' शिकवलाच नव्हता. 'घघराचा' नावाची एक वस्तू शिकवली होती, तिचं चित्र दाखवलं होतं. दोन वस्तू शेजारी ठेवल्या, त्याने दोन्हींची नावं सांगितली. यात चूक कुठली?

बाराखडीचंही तसंच. 'मे' दाखवला तर ओठातल्या ओठात बोटं मोजत म, मा, मि, मी, मु, मू असा चालत यायचा आणि सातव्या बोटावर 'मे' म्हणायचा. सातवं घर येईपर्यंत आधीचं अक्षर विसरलेलं. पाठांतर वाईट असं मी म्हणणार नाही, आपण सगळे त्यातूनच आलो. पण ज्या मुलाच्या कानाला शब्दाचे तुकडे ऐकू येत नाहीत, त्याला पाठांतराने फक्त पाठांतर येतं.

आधी त्याचे कान तपासून आणायला सांगितलं. सर्दीने सतत भरलेले कान असतील तर सगळी मेहनत वाया. कान ठीक निघाले.

मग दोन आठवडे पाटी-पेन्सिल बंद. शिकवणीच्या बाईंनी दिलेलं 'शंभर वेळा लिहून आण' हेसुद्धा बंद. आईला हे पटायला जड गेलं, आज्जीला लगेच पटलं. काम तिलाच दिलं होतं. चुलीपाशी बसून शब्द तोडून मागायचा: "सोन्या, मी... ठ आण." "तां... ब्या दे." त्याने जोडायचं आणि आणून द्यायचं. त्यांच्या शेतात रताळी असतात. ती निवडताना "र... ता... ळं" असं तीन टाळ्यांत म्हणायचं. मग उलटं, त्याने तोडायचं, आज्जीने ओळखायचं. रात्री भेंड्या, पण गाण्यांच्या नव्हे, शब्दांच्या. शेवटचा आवाज पकडून पुढचा शब्द. 'कमळ' आलं की घरभर भांडण, कारण ळ वरून कोणालाच शब्द मिळेना. त्या भांडणातच सोन्याला पहिल्यांदा शेवटचा आवाज वेगळा ऐकू आला, असं आईने फोनवर सांगितलं.

अक्षरं आणली ती तिसऱ्या आठवड्यात. क, ख, ग, घ या क्रमाने आणली नाहीत. तो क्रम उच्चाराच्या जागेवरून लावलेला आहे, कंठातून ओठांपर्यंत. फार सुंदर रचना, पण नवशिक्याला त्यातून शब्द लवकर मिळत नाहीत. म, ग, र, न ही चार घ्या, एक काना घ्या. मग, मन, मगर, नगर, नाग, राग, गार, मान. चार अक्षरांत एवढा संसार उभा राहतो. अक्षर दाखवून 'म' एवढंच म्हणायचं, शेपूट लावायचं नाही.

इथे मी एक गोची केली. घाईत घरच्याच जुन्या कार्डांवर अक्षरं लिहून दिली. सोन्या 'ग' पटकन ओळखायला लागला म्हणून मी खूश. एकदा सहज पाटीवर 'ग' काढला तर ओळखेना. कार्ड हातात घेऊन बघितलं: एका कोपऱ्यावर चहाचा डाग. पोरगं डाग वाचत होतं. तेव्हापासून तेच अक्षर खडूने, कोळशाने, पिठात बोटाने, जागा बदलून.

आता तीन लिप्यांचं. एका संध्याकाळी सोन्या कन्नडचं पुस्तक वाचत होता आणि आज्जी ओरडली, "असलं अभद्र काय बोलतंय रे!" तो 'मर' वाचत होता. कन्नडमध्ये मर म्हणजे झाड, आणि तिथे शेवटचा अ पुरा उच्चारतात. मराठीत आपण 'घर' लिहितो आणि 'घर्' बोलतो. सोन्याने मराठीची सवय कन्नडला लावली. पुढच्याच आठवड्यात कन्नडची मराठीला लावून 'घरऽ' म्हणाला. आईला वाटलं, बघा, गोंधळ. मला आनंद झाला. ज्याला नियम सापडतो, तोच नियम चुकीच्या जागी लावतो. कन्नड-मराठीची वर्णमाला जवळजवळ एकाच क्रमाची, आवाजही बरेचसे तेच. म्हणून एका लिपीत जोडणं जमलं की दुसरीत निम्मं काम झालेलं असतं. फक्त नवीन अक्षरं एकाच दिवशी दोन्हींची देऊ नका.

इंग्रजीची अडचण वेगळी. तिथे अक्षराचं नाव एक आणि आवाज दुसरा. सी, ए, टी म्हणत गेलं तर 'सीएटी' होतं, 'कॅट' कुठून येणार? वडिलांना म्हटलं, नावं नंतर, आधी क्, ॲ, ट्. आपल्याकडेही 'चहा' आणि 'चमचा' यांतला च कुठे एक आहे! पण मूल बोलीतून तो आधीच जाणतं, म्हणून अडत नाही.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. चार-सहा महिने रोज असं करूनही दोन आवाज जुळत नसतील, तर अध्ययन-अक्षमतेची, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन शिकणं फार जड जातं का याची, तपासणी जरूर करा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. 'मोठा झाला की येईल' म्हणून वाट बघू नका. सोन्याला तशी गरज पडली नाही. शाळाही बदलली नाही.

दिवाळीनंतर आईचा फोन आला. आज्जी आणि नातू खानापूरला निघाले होते. आज्जीला कन्नड वाचता येत नाही, म्हणून बसवरचा बोर्ड नातवाला विचारला. त्याने बोट नाचवत सुरू केलं, "खा... ना... पु... रऽ. खानापुरऽ!"

"खानापूर म्हण की रे."

"बोर्डावर खानापुरऽच हाय आज्जी. खानापूर आपल्या घरात."

एवढं होईस्तोवर बस सुटली. आज्जी म्हणाली, "जाऊ दे, मागची वाच."