स्टॉकहोमसाठी एक दिवस

प्रश्न : जूनमध्ये आम्ही उभयता मुलाकडे स्वीडनला जाणार आहोत. स्टॉकहोमसाठी एकच दिवस मिळेल, काय पाहावे? (एक वाचक, फोंडा, गोवा)

उत्तर : आपण अर्धा दिवस वासा संग्रहालयालाच द्यावा. १६२८ साली पहिल्याच सफरीत, वरचा भार अधिक झाल्यामुळे कलंडून बंदरातच बुडालेली ही युद्धनौका १९६१ मध्ये वर काढण्यात आली, आणि बाल्टिक समुद्राच्या कमी खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे किडे टिकत नसल्याने तिच्यावरील कोरीव काम आजही पाहता येते. मांडवीकाठी गलबतांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांनी तर ते चुकवूच नये. जवळच १८९१ साली सुरू झालेले स्कान्सेन आहे, जिथे स्वीडनभरातील जुनी घरे आणून उभारली आहेत. गामला स्तान ही जुनी वस्ती संध्याकाळी पायी फिरावी. जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो.