ट्यूबचा बफर लावला की सॉलिड स्टेट ॲम्प्लिफायरला ट्यूबचा आवाज येतो का?

तुमचा सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरचा) ॲम्प्लिफायर कोरडा वाटतो, त्याच्या आधी ट्यूबचा बफर (आत ट्यूब असलेला छोटा डबा) लावला तर ट्यूब ॲम्प्लिफायरसारखा आवाज येईल का, आणि येत असेल तर कोणता बफर घ्यावा, असं तुम्ही विचारलंय.

बफर घेऊ नका. १.५ ओहमचे, १० वॅटचे दोन सिमेंट रेझिस्टर घ्या आणि प्रत्येक स्पीकरच्या वायरीत एकेक सिरीजमध्ये जोडा. खरं तर उत्तर इथे संपलं. पण याच प्रश्नावरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं ११ वर्षं वाजलेलं आहे, त्यामुळे बाकीचं लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही.

दादाकडे ईएल८४ ट्यूबचा पुश-पुल (दोन ट्यूब जोडीने लाट हाकणारा) ॲम्प्लिफायर आहे, चॅनेलला १० वॅट. माझा ५० वॅटचा, ट्रान्झिस्टरचा, मी स्वतः बांधलेला. बांधून झाल्यावर पहिल्यांदा त्याला ऐकवला. रात्र होती, आवाज बारीक ठेवला होता. एका गायिकेचं रेकॉर्डिंग लावलं, मागे फक्त पियानो. दादाने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "सगळं ऐकू येतंय रे, पण बाई गात नाहीये."

मला ते फार लागलं. मी लगेच आकडे पुढे केले. पूर्ण ताकदीवर ०.०१ टक्का डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती), तुझ्या ॲम्प्लिफायरचं त्याच्या कितीतरी पट. तो म्हणाला, आकडे तू ऐक, मी गाणं ऐकतो. मी म्हटलं, तुला ट्यूबचा उजेड बघून आवाज गोड लागतो. त्या रात्री दोघंही जेवायच्या ताटावर एकमेकांशी बोललो नाही.

या भांडणात पहिला डाव दादाने जिंकला होता, आणि ते मला कळायला दोन वर्षं गेली. पूर्ण ताकदीवरचा ०.०१ टक्का खरा होता. पण बारीक आवाजात ॲम्प्लिफायर पूर्ण ताकदीवर चालतच नाही, तो एखाद्या वॅटच्याही खाली चालतो. एकदा सहज आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटरमधल्या ०.२२ ओहमच्या रेझिस्टरवर मल्टिमीटर लावला तर ३ मिलिव्होल्ट. म्हणजे बायस (आवाज नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा प्रवाह) जेमतेम १४ मिलिअँपियर. लाट शून्यातून जाताना एक ट्रान्झिस्टर सोडतोय आणि दुसऱ्याने अजून धरलेलं नाही, अशी स्थिती. ही क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन टक्क्यात बघाल तर आवाज जितका बारीक तितकी जास्त, आणि तिचे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले जादा सूर) वरच्या पट्टीतले, कानाला टोचणारे. बायसचा प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा रेझिस्टर) हळूहळू फिरवत, दर वेळी हीटसिंक स्थिर होईपर्यंत थांबत, ते २० मिलिव्होल्टवर आणलं. हीटसिंक हाताला कोमट लागायला लागला आणि गायिकेच्या 'स' वरची ती बारीक किरकिर गेली. म्हणून तुम्हालाही सांगतो, कोरडेपणावर इलाज करण्याआधी बायस तपासा. जुना ॲम्प्लिफायर असेल तर वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बदला. आजारी ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरची निरोगी ट्यूब ॲम्प्लिफायरशी तुलना करून लोक ट्रान्झिस्टरला नावं ठेवतात, याचा मला मनापासून राग येतो.

किरकिर गेली, पण ट्यूबचा आवाज मात्र आला नाही. दादाच्या ॲम्प्लिफायरवर चेलो जसा खोलीत भरून यायचा तसा माझ्यावर येत नव्हता. हे मला स्वतःला ऐकू येत होतं, आणि ते कबूल करणं जड गेलं.

मग मी मोजायला बसलो. दादाच्या ॲम्प्लिफायरला १ किलोहर्ट्झचा टोन दिला. लोड म्हणून ८ ओहमचा रेझिस्टर लावला तेव्हा २ व्होल्ट मिळाले, १६ ओहमचा लावला तेव्हा २.१८. हिशोब केला तर आउटपुट इम्पीडन्स (ॲम्प्लिफायरचा आतला अडथळा) १.६ ओहम निघतो. माझ्या ॲम्प्लिफायरवर हेच केलं तर मीटरचा आकडा हललासुद्धा नाही. ८ ओहमच्या स्पीकरला त्याचा डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरचा इम्पीडन्स भागिले ॲम्प्लिफायरचा) ५, माझा काही शेकड्यांत.

आता स्पीकरकडे बघा. '८ ओहम' हे नुसतं नाव असतं. दादाच्या स्पीकरचा इम्पीडन्स मी टप्प्याटप्प्याने मोजून वहीत मांडला: ५५ हर्ट्झला ३८ ओहम, १८० हर्ट्झच्या आसपास ६, २ किलोहर्ट्झला स्पीकरच्या क्रॉसओव्हरपाशी (जिथे वूफरकडून ट्वीटरकडे आवाज जातो) २०. मागे १.६ ओहम असले की व्होल्टेज वाटला जातो, आणि जिथे इम्पीडन्स कमी तिथे स्पीकरच्या वाट्याला कमी येतो. १८० हर्ट्झला २ डेसिबल गेले. ५५ ला जेमतेम ०.४ आणि २ किलोहर्ट्झला ०.७. म्हणजे १८० च्या मानाने खालचा बेस १.७ डेसिबलने वर आला आणि गळ्याचा उजळ भाग जवळजवळ १.४ ने. बाई का गात होती ते वहीच्या त्या पानावर होतं. शिवाय डॅम्पिंग कमी असल्यामुळे वूफरचा कोन जरा उशिरा थांबतो, चेलोच्या तळाला भरीवपणा येतो.

"ट्यूबमध्ये सम हार्मोनिक असतात म्हणून आवाज गोड" हे वाक्य जिथे तिथे वाचायला मिळतं. सिंगल एंडेड (एकाच ट्यूबने सगळी लाट हाकणाऱ्या) ॲम्प्लिफायरपुरतं त्यात तथ्य आहे. पुश-पुलमध्ये आउटपुट स्टेजचे सम हार्मोनिक ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना खातात, पुश-पुल करायचं एक कारणच ते आहे. दादाच्या ॲम्प्लिफायरमध्ये माझ्या मोजणीत दुसरा हार्मोनिक तिसऱ्यापेक्षा लहान निघाला. तरी त्याचा आवाज गोड होताच. आणि विल्यमसन नावाच्या इंजिनिअरचा १९४७ चा प्रसिद्ध ॲम्प्लिफायर घ्या. केटी६६ ट्यूब, २० डेसिबल फीडबॅक (आउटपुटचा अंश परत आत देऊन चुका कमी करणं), १५ वॅटला ०.१ टक्क्याच्या आत डिस्टॉर्शन. आत ट्यूबच होत्या, पण लोक ज्याला आज ट्यूबचा आवाज म्हणतात तो काढून टाकायलाच तो माणूस बसला होता.

मग आम्ही चाचणी घेतली. माझ्या ॲम्प्लिफायरच्या आउटपुटला तो पांढरा १.५ ओहमचा रेझिस्टर डाग देऊन लावला, उरलेला दशांश ओहम वायरीने भरून काढला. दोन्ही ॲम्प्लिफायरपुढे चादर टांगली. स्पीकरच्या टोकांना १ किलोहर्ट्झवर दोघांचे २.८३ व्होल्ट जुळवले, दुसऱ्या दशांशापर्यंत. आवाज जुळवल्याशिवाय केलेली तुलना मी मानत नाही, अर्ध्या डेसिबलने मोठा असलेला ॲम्प्लिफायर माणसाला चांगलाच वाटतो. ट्यूबचा ॲम्प्लिफायर लोडशिवाय चालू ठेवायचा नसतो, म्हणून स्विच असा केला की स्पीकर सुटला की त्याला डमी लोड लागेल. चादरीमागे वहिनी बसल्या. प्रत्येक वेळी नाणं उडवायचं, छापा पडला तर ट्यूब, काटा पडला तर ट्रान्झिस्टर, आणि वहीत लिहायचं. बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही.

आधी रेझिस्टरला वायरीने शॉर्ट करून, म्हणजे तो नसल्यासारखाच, १६ फेऱ्या घेतल्या. दादाने १५ बरोबर ओळखल्या. माझा अहंकार तिथे पुरता उतरला. त्याचे कान खरे होते, उजेड बघून तो बोलत नव्हता. ११ वर्षांपूर्वीचं ते वाक्य मी तेव्हाच मागे घेतलं, त्याच्यासमोर.

मग शॉर्टची वायर काढली. १६ पैकी ९. नाणं उडवून ८ येतात.

दादा गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे तू तुझा ॲम्प्लिफायर खराब केलास." इथून जे भांडण सुरू झालं ते आजही चालू आहे. त्याचं म्हणणं, ट्यूबमध्ये जीव असतो आणि मी लावला तो नुसता अडथळा. माझं म्हणणं, तू जो जीव ऐकतोस तो याच अडथळ्याचा आहे, तुझ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि ट्यूबमध्ये तो जन्मापासून बसलेला आहे. ऐकणारा बरोबर आणि कारण सांगणारा चूक, हे एकाच माणसाच्या बाबतीत घडू शकतं, आणि दादाला नेमकं हेच पटत नाही.

आणि हे काही माझं एकट्याचं खूळ नाही. १९८५ मध्ये ॲम्प्लिफायर बनवणाऱ्या बॉब कार्व्हरने 'स्टिरिओफाइल' या ऑडिओ मासिकाच्या लोकांचं आव्हान घेतलं होतं. दोन दिवस बसून त्याने आपल्या सॉलिड स्टेट ॲम्प्लिफायरची वागणूक त्यांच्या महागड्या ट्यूब ॲम्प्लिफायरशी जुळवली. दोघांच्या आउटपुटची वजाबाकी करत करत फरक ७० डेसिबल खाली नेला, आणि मग त्या कसलेल्या कानांना दोघांत फरक सापडेना. ॲम्प्लिफायर डिझायनर नेल्सन पास तर आपल्या फर्स्ट वॉट कंपनीच्या काही ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स मुद्दाम उंच ठेवतो, ट्रान्झिस्टर वापरून.

बफरबद्दल. मी एक घेतला होता, कंपनीचं नाव सांगत नाही. उघडला तर १२एएक्स७ च्या खाली नारिंगी एलईडी, ट्यूब तापलेली दिसावी म्हणून. प्लेटच्या पिनवर, म्हणजे १ आणि ६ वर, मल्टिमीटर लावला तर २२ व्होल्ट. डेटाशीटमध्ये ही ट्यूब २५० व्होल्टला दाखवलेली असते. इतक्या कमी व्होल्टेजवर ट्यूब उपाशी चालते, थोडा धूसरपणा आणते, पण तो ट्यूब ॲम्प्लिफायरचा आवाज नाही. आणि नीट व्होल्टेज दिलेला कॅथोड फॉलोअर पद्धतीचा ट्यूब बफर घेतलात तर तो इतका स्वच्छ असतो की फरक पडत नाही. दोन्ही प्रकारांत तुमच्या स्पीकरला दिसणारा इम्पीडन्स पॉवर ॲम्प्लिफायरचाच राहतो. बफर तिथे पोचतच नाही. तुम्हाला थोडा दुसरा हार्मोनिक हवाच असेल तर एका जेफेटची किंवा मॉस्फेटची (हे ट्रान्झिस्टरचेच प्रकार) सिंगल एंडेड, फीडबॅक नसलेली स्टेज तेच काम करते, पण ते नंतरचं.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या.

मोठ्या आवाजात माझी चाचणी टिकली नाही. दादाचा ॲम्प्लिफायर १० वॅटचा, ऑर्केस्ट्रा चढला की त्याची शिखरं गोल होऊ लागतात, माझा ५० चा सरळ जातो. त्याने तिथे बहुतेक सगळ्या फेऱ्या ओळखल्या. रसेल हॅमने १९७३ च्या लेखात मायक्रोफोनच्या प्रीॲम्प्लिफायरबद्दल जे लिहिलं तेही ओव्हरलोडच्या वेळचंच होतं, तिथे ट्यूब खरंच वेगळी वागते. रेझिस्टर ते देत नाही.

रेझिस्टर चांगला तापतो. ५० वॅटचा ॲम्प्लिफायर पूर्ण ताकदीवर चालला तर ८ ओहमच्या स्पीकरसोबत त्याच्यात साडेसहा वॅटच्या वर जळतात. लाकडापासून, स्पीकरमधल्या फोमपासून दूर लावा. पोर्टवाला स्पीकर आधीच घुमत असेल तर हा उपाय करू नका, आणखी घुमेल. प्लॅनर मॅग्नेटिक (पातळ पडद्याच्या) स्पीकरसारखा इम्पीडन्स सपाट असेल तर आवाज फक्त कमी होईल, बाकी काही नाही. आणि ट्यूबच्या ॲम्प्लिफायरमध्ये माझ्यासारखं मोजायला जाऊ नका, आत काहीशे व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात.

गिटारसाठी विचारत असाल तर हे सगळं दुप्पट लागू होतं, कारण गिटारच्या स्पीकरचा इम्पीडन्स आणखी वरखाली असतो. तिथे वॅट जाळण्यापेक्षा स्पीकरच्या परतीच्या वायरीत ०.१ ते ०.४७ ओहम टाकून तिथून फीडबॅक घेतात, आउटपुट इम्पीडन्स वाढतो आणि ताकद वाया जात नाही. ब्रिज केलेल्या (दोन चॅनेल जोडून एक केलेल्या) ॲम्प्लिफायरला हे असं सरळ जमत नाही.

वही अजून माझ्याकडे आहे, वहिनींच्या अक्षरातली ३२ ओळींची. दादा म्हणतो, त्या दिवशी त्याला सर्दी होती. मग १५ कशी ओळखलीस, हे मी त्याला दर वेळी विचारतो. पुन्हा चाचणी घेऊ म्हटलं की तो विषय बदलतो. आवाज त्याने ठरवावा, रेकॉर्डिंग त्याने आणावं, ट्यूब क्लिप होणार नाही, म्हणजे तिची शिखरं कापली जाणार नाहीत, एवढीच माझी अट.

तुमच्या स्पीकरच्या इम्पीडन्सचा आलेख मिळाला, किंवा निदान मॉडेलचं नाव तरी, तर खाली लिहा. १ ओहम लावायचा की २, आणि कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती डेसिबल हलतील, हिशोब करून सांगतो.