लाईट गेली, विमान हवेतच राहिलं

वाचकांचे प्रश्न : संगणकावरचं उड्डाण

ताई, नमस्कार. मी परभणीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एफएसएक्स या संगणकावरच्या विमान-सिम्युलेटरमध्ये वेगळं विकत घेतलेलं बोइंग ७३७ उडवतो. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून दिल्लीला निघालो होतो. इंदूर मागं पडलं आणि आईनं जेवायला हाक मारली, म्हणून फ्लाइट सेव्ह करून पीसी बंद केला. रात्री उघडली तर विमान बरोबर त्याच जागी, ३५,००० फुटांवर. पण सगळ्या स्क्रीन काळ्या, एफएमसीतला (विमानाच्या मार्ग-संगणकातला) रूट गायब, आणि अर्ध्या मिनिटात विमान नाक खाली घालून पडू लागलं. सिम्युलेटरच्या स्वतःच्या सेसना या छोट्या विमानामध्ये असं कधीच होत नाही. माझं काय चुकलं?
– एक वाचक, परभणी

तुझं काही चुकलेलं नाही. नांदेड–अमृतसर उडवताना माझंही हेच झालं होतं. सव्वा तास उडवलेलं विमान डोळ्यांसमोर पडताना बघितलं, त्या रात्री मला झोप आली नाही. म्हणून तुला नीट, सविस्तर सांगते.

तू सेव्ह केलेली एफएलटी फाइल नोटपॅडमध्ये उघड. साधा मजकूर आहे, वाचता येतो. अक्षांश, रेखांश, उंची, नाकाचा कल, पंखांचा कल, दिशा, थ्रॉटल (इंजिनाची ताकद ठरवणारा दांडा) किती पुढं, कोणत्या टाकीत इंधन किती. सेसनाला एवढं पुरतं, कारण सेसनाची सगळी यंत्रणा सिम्युलेटरनं स्वतःच बनवलेली असते. तुझ्या ७३७ चं तसं नाही. त्याची वीज, हायड्रॉलिक्स, एफएमसी, ऑटोपायलट हे सगळं ते विमान बनवणाऱ्यांनी आपल्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं असतं आणि सिम्युलेटरला त्यातलं फारसं दिसतच नाही. विमान कुठं आहे ते सिम्युलेटरनं लिहून ठेवलं. बॅटरी चालू होती का, रूटमधला पुढचा पॉइंट कोणता होता, हे लिहायचं काम ॲड-ऑनचं, म्हणजे तू वेगळं विकत घेतलेल्या त्या विमानाचं. चांगली ॲड-ऑन त्यासाठी आपली वेगळी फाइल लिहितात. पीएमडीजी या कंपनीच्या ७३७ एनजीएक्सचं तर पॅनेलस्टेट नावाचं स्वतंत्र फोल्डरच आहे. म्हणून फक्त एफएलटी मित्राच्या पीसीवर नेलीस तर निम्मं विमान परभणीतच राहतं.

आणि बाळा, यातली सगळ्यात अवघड गोष्ट आयआरएसची, म्हणजे विमान कुठं आहे आणि कुठल्या दिशेला आहे ते सांगणाऱ्या यंत्रणेची आहे. खऱ्या ७३७ मध्ये आपल्या भागात त्याच्या अलाइनमेंटला (जागा-दिशा जुळवून घ्यायला) पाच-दहा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ विमान जागेवर उभं असावं लागतं. फ्लाइट उघडल्यावर ॲड-ऑनला आयआरएस बंद आहे असं वाटलं, तर ३५,००० फुटांवर उडत्या विमानात ते पूर्ण अलाइन करता येत नाही. मग नकाशा नाही, एलनॅव (रूटवरून आपोआप जाणं) नाही. बऱ्याच ॲड-ऑनच्या सेटिंगमध्ये झटपट अलाइनमेंटची सोय असते, ती तुझ्याकडं आहे का ते आधी बघ.

आता मी काय करते ते सांगते. वळणात, चढताना किंवा फ्लॅप हलत असताना मी कधीच सेव्ह करत नाही. सरळ, एका उंचीवर, ऑटोपायलट लावलेला असतानाच. उघडताना पीसी सुरू केल्या केल्या ती फ्लाइट उघडत नाही. आधी सिम्युलेटरचं साधं विमान धावपट्टीवर उभं करते, मग आपलं ॲड-ऑन घेते, ते पूर्ण जागं होऊ देते, आणि त्यानंतरच सेव्ह केलेली फ्लाइट. जॉयस्टिकचा थ्रॉटल सेव्ह करताना जिथं होता तिथंच ठेव. तो मागं ओढलेला असेल तर पहिल्या धक्क्यालाच इंजिनं आयडलला, म्हणजे सगळ्यात कमी ताकदीवर जातात. तुझं विमान पडलं त्यात याचाही हात असू शकतो. उघडल्यावर सगळ्यात आधी ऑटोपायलटच्या आकडे दाखवणाऱ्या खिडक्या बघायच्या. माझ्या विमानात एकदा उंचीच्या खिडकीत ३५,००० च्या जागी १०,००० आलं होतं आणि विमान इमानदारीत खाली निघालं होतं.

टेबलावर मी एक दोनशेपानी वही ठेवते. सेव्ह करताना त्यात एक ओळ लिहिते: पुढचा पॉइंट, उंची, वेग, हेडिंग (नाकाची दिशा), इंधन, क्रूझची उंची, कॉस्ट इंडेक्स (वेळ आणि इंधन यांचा तोल ठरवणारा आकडा). एफएमसी रिकामी झाली तरी या ओळीवरून ती पाच मिनिटांत भरून होते. तोवर हेडिंग आणि अल्टिट्यूड होल्डवर विमान सरळ जात राहतं. कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा या वहीनं माझ्या जास्त फ्लाइट वाचवल्यात.

दर वेळी नाव बदलून सेव्ह कर. फाइल लिहिली जात असतानाच लाईट गेली तर ती अर्धवट राहते, मग आधीची तरी हाताशी असते. पीट डॉसन यांच्या एफएसयूआयपीसी या सिम्युलेटरला जोडायच्या प्रोग्रॅममध्ये ऑटोसेव्ह आहे. ठरावीक वेळानं ते आपोआप, आळीपाळीनं वेगवेगळ्या फाइलींत सेव्ह करतं. पुढं कधी एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरकडं वळलास तर तिथं एफएलटीऐवजी सिट फाइल असते. त्यातल्या टोलिस कंपनीच्या एअरबसला मात्र स्वतःचा सेव्ह मेन्यू आहे, ऑटोसेव्हसकट. ते विमान त्या मेन्यूतूनच सेव्ह करायचं आणि त्यातूनच उघडायचं.

घरी इन्व्हर्टर आहे, पंखे-दिवे चालू राहतात, तरी लाईट गेली की पीसी रीस्टार्ट होतो आणि फ्लाइट जाते. उपाय?
– एक वाचक, औसा

इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला किंवा पॅनेलवर यूपीएस मोडचं बटण आहे का बघा. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला जो वेळ लागतो तो पंख्याला कळत नाही, पीसीला कळतो. बटण नसेल तर पीसीपुरता वेगळा यूपीएस घ्या. बाजारात ६०० व्हीएचा सर्रास मिळतो, पण तो साधारण ३६० वॅटचाच असतो. मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर तो ऐन वेळी दगा देईल, वॅट बघूनच घ्या. आणि त्यावर लाईटशिवाय पुढं उडत राहू नका, ती पाच-दहा मिनिटं सेव्ह करण्यासाठी आहेत.

जुनी फ्लाइट उघडताना विमान सापडत नाही असा मेसेज येतो. विमान तर आहे!
– एक वाचक, अंबाजोगाई

तुम्ही मधल्या काळात एखादी लिव्हरी (विमानाची रंगसंगती) काढून टाकली असणार. एफएलटीमध्ये विमानाचं नाव लिव्हरीसकट लिहिलेलं असतं. तीच लिव्हरी परत टाका. नाहीतर फाइलची एक कॉपी काढून ठेवा आणि नोटपॅडमध्ये ‘सिम’पासून सुरू होणाऱ्या ओळीत आत्ता असलेल्या लिव्हरीचं नाव घाला. ते नाव त्या विमानाच्या एअरक्राफ्ट सीएफजी फाइलमध्ये ‘टायटल’समोर मिळेल. जसंच्या तसं उतरवा, एक स्पेसही इकडची तिकडं चालत नाही.