रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतं कुठे?

मेघना पहिल्यांदा माझ्याकडे समुपदेशनासाठी आली तेव्हा खुर्चीच्या कडेवर, एका बाजूला कलून बसली. मांडीवर जाडजूड फाईल. वय 32, सहकारी बँकेत कॅशियर, लग्नाला चार वर्षं झालेली. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. मजकूर तिने वाचलाय, "चालेल" म्हणालीय.)

"मॅडम, एकच विचारायचंय. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मग हे माझ्या मनात आहे का?"

हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. कधी "खाली आग होते" म्हणून, कधी "जागा दुखते" म्हणून, कधी नुसतंच "आम्हाला मूल होत नाही" म्हणून. त्या तिसऱ्या वाक्याच्या मागे काय आहे हे कळायला तीन भेटी लागतात.

मेघनाच्या बाबतीत त्यातल्या पहिल्या दोन भेटी मी वाया घालवल्या, हे आधीच सांगून टाकते. त्या दोन भेटींत मी तिला लग्न कसं ठरलं, सासूबाईंशी कसं आहे, लहानपणी काही वाईट प्रसंग घडला होता का, संबंधांची भीती वाटते का, असं सगळं विचारलं. तिने शहाण्या मुलीसारखी उत्तरं दिली. तिसऱ्या वेळी म्हणाली, "मॅडम, तुम्ही पण मला अजून विचारलं नाहीत, नक्की कुठे दुखतं ते."

मी ओशाळले. मनाचं काम करणाऱ्यांना सगळं मनात शोधायची खोड असते.

टेबलावर औषधाचं एक बिल पडलं होतं. ते उलटं करून मी त्यावर गोल काढला. म्हटलं, हे घड्याळ समज. 12 म्हणजे पुढे, लघवीच्या बाजूला. 6 म्हणजे मागे, शौचाच्या बाजूला. कुठे दुखतं? तिने पेन घेतलं आणि 5 वर आणि 7 वर इतकं दाबून टिंब केलं की कागद फाटला. "इथे. पार आत नाही, बाहेर पण नाही. दाराच्या उंबऱ्यावर."

इतकं अचूक वर्णन मी पुस्तकातही वाचलेलं नाही. योनीमुखाभोवतीच्या त्या नाजूक कडेला वैद्यकात खरोखर उंबरठा, ओसरी अशाच अर्थाचा शब्द आहे.

मग फाईल उघडली. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तिला बुरशीचा संसर्ग झाला होता, खाज आणि दह्यासारखं पांढरं जाणं. औषधाने तो बरा झाला. दोन महिन्यांनी पुन्हा झाला, पुन्हा बरा झाला. त्यानंतर मात्र खाज नाही, पांढरं जाणं नाही, नुसती आग. संबंधांच्या वेळी सुरी लागल्यासारखं दुखणं, पाळीत टॅम्पॉन लावणं अशक्य, जीन्स बंद, स्कूटर बंद. दर वेळी केमिस्टकडून बुरशीवरची फ्लुकोनाझोल 150 ची तीच गोळी आणि तेच मलम. तपासणी न करता घेतलेल्या अशा अकरा गोळ्यांचा हिशेब लागला. शिवाय "इन्फेक्शन होऊ नये" म्हणून दिवसातून तीनदा जंतुनाशक टाकलेल्या पाण्याने धुणं. आधीच सोललेल्या जागेवर हे रोज तीन वेळा!

डॉक्टरांकडून मिळालेली वाक्यं तिला पाठ होती. "सुरुवातीला होतंच." "टेन्शन घेऊ नका." "एक मूल होऊ द्या, मोकळं होईल सगळं." तिच्या आईला तर हे शेवटचं वाक्य फार पटलं होतं. ज्या कारणाने मूल होत नाहीये त्यावर मूल हाच उपाय, हे गणित कुणालाच विचित्र वाटलं नव्हतं.

मिरजेच्या एका गायनॅक डॉक्टरबाईंना या दुखण्याची चांगली माहिती आहे. त्यांच्याकडे तिला पाठवलं, सोबत ते बिलामागचं घड्याळही दिलं. त्यांनी आधी बाकीची कारणं तपासली. बुरशी आहे का ते बघायला कल्चर (स्राव घेऊन त्यात बुरशी वाढते का ती तपासणी) केलं आणि साखर बघितली. लायकेन स्क्लेरोसस नाही ना म्हणून त्वचा नीट पाहिली. या आजारात कातडी पांढरट, पातळ, चुरगळलेल्या कागदासारखी होते. त्याला स्टेरॉइडचं मलम आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा लागतो, कारण थोड्या जणींत पुढे कॅन्सरचा धोका असतो. पाळी गेल्यावर किंवा बाळ अंगावर पीत असताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झालं तरी तिथे कोरडेपणा येऊन दुखू शकतं, आणि त्याचा उपचार वेगळा असतो. म्हणून माझा आग्रह असतो की समुपदेशकाकडे येण्याआधी किंवा आल्याबरोबर ही तपासणी झालीच पाहिजे. फोड, गाठ, न भरणारी जखम किंवा रक्त दिसलं तर त्याच आठवड्यात.

शेवटी त्यांनी कापसाची ओली काडी घेतली. घड्याळाच्या काट्यासारखी ती एकेका जागी अलगद टेकवायची आणि मेघनाने 0 ते 10 मधला आकडा सांगायचा. 12 ला 1. 3 ला 2. 5 ला 9, 7 ला 9. मांडीवर टेकवली तर 0. तपासणी एवढीच, खर्च एका काडीचा.

दुखण्याचं नाव व्हल्व्होडिनिया. स्पर्श झाला की त्या उंबऱ्यावर भडकणारा प्रकार. किमान तीन महिने टिकलेलं आणि स्पष्ट कारण न सापडणारं बाह्य योनीचं दुखणं, अशी याची व्याख्या 2015 मध्ये या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून पक्की केली. 'कारण सापडत नाही' हे त्या व्याख्येतच आहे. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल येणं हा दुखणं खोटं असल्याचा पुरावा होत नाही. या आजारात रिपोर्ट नॉर्मलच येतात. आणि ही एखादीच दुर्मीळ बाई नव्हे. बॉस्टन भागातल्या स्त्रियांच्या 2003 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे 16 टक्के जणींनी आयुष्यात कधीतरी असं तीन महिने किंवा जास्त दुखल्याचं सांगितलं होतं.

नाव सांगितल्यावर मेघना डॉक्टरबाईंसमोर रडली. मला फोनवर म्हणाली, "मॅडम, याला नाव आहे."

मग तिच्या मूळ प्रश्नाकडे आलो. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं, असं मी तिला सांगितलं. वारंवार संसर्ग झाले, वर जंतुनाशकाची आग. काही जणींमध्ये अशाने तिथल्या दुखण्याच्या नसा वाढतात, तिखट होतात. मणक्यातला मज्जारज्जू आणि मेंदू इशारा ऐकायला टपून बसतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू मार चुकवायला म्हणून आवळून धरतात, आणि आवळलेले स्नायू स्वतःच दुखायला लागतात. ताक गार आहे हे माहीत असूनही ओठ मागे जातातच. त्यात ढोंग नाही. पण मेंदू यात सामील आहे, म्हणून माझं काम इथे आहे.

उपचारांत पहिलं काम बंद करायचं होतं. साबण, वॉश, जंतुनाशक, तपासणीशिवाय गोळ्या, सगळं बंद. नुसतं पाणी, सुती अंतर्वस्त्र, सुगंध नसलेले पॅड. तेवढ्यानेच सततची आग महिन्याभरात उतरली. स्पर्शाचं दुखणं मात्र तसंच होतं.

मग डॉक्टरबाईंनी रात्री अमिट्रिप्टिलीन 10 मि.ग्रॅ. लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला माझा फोन वाजला. "गूगलवर डिप्रेशनची गोळी म्हणून येतंय. म्हणजे त्यांनीही मला वेडीच ठरवलं ना?" हे दर वेळी होतं, आणि डॉक्टरांनी चिठ्ठी देतानाच दोन वाक्यं बोलली तर टळतं. डिप्रेशनसाठी हेच औषध याच्या कितीतरी पट मात्रेत देतात. इतक्या कमी मात्रेत ते नसांच्या दुखण्यासाठी, मधुमेहाच्या पायांच्या आगीसाठीही देतात. तोंड कोरडं पडतं, सकाळी जड वाटतं, परिणाम दिसायला आठवडे लागतात, मनाने एकदम बंद करायचं नाही. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांना उपयोग होतोच असं नाही. अमेरिकेतल्या 2010 च्या एका चाचणीत याच गटातलं एक औषध आणि बधिरतेचं मलम, दोन्ही नुसत्या दिखाऊ औषधापेक्षा (प्लासिबो, ज्यात औषध नसतंच) सरस ठरली नव्हती. मेघनाला झोप चांगली लागू लागली, दुखण्यात थोडासाच फरक पडला.

खरा फरक फिजिओथेरपीने पडला. पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या त्याच स्नायूंचं काम करणारी फिजिओ पुण्यात मिळाली. पुणं म्हणजे एसटीत पाच तास बसणं, आणि दुखणं बसण्याचंच. पहिल्यांदा ती साताऱ्यापर्यंत उभी राहून गेली. तिथे कळलं की यूट्यूबवर बघून ती वर्षभर जे केगल व्यायाम (तळाचे स्नायू आवळायचे) करत होती ते तिच्यासाठी नेमके उलटे होते. आधीच आवळलेले स्नायू ती रोज शंभर वेळा आणखी आवळत होती. तिला शिकायचं होतं सोडणं. पोटात श्वास घेत तळ खाली सैल सोडायचा, मग स्वतःच्या बोटाने, मग सर्वांत लहान डायलेटरने (योनीत हळूहळू घालायची गुळगुळीत नळी), दुखायच्या अलीकडे थांबत. कॅनडात 212 स्त्रियांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा दहा आठवड्यांच्या फिजिओथेरपीने रात्री लावायच्या बधिरतेच्या मलमापेक्षा जास्त गुण आला होता. मेघनाची महिन्यातून एकच फेरी व्हायची, मधल्या दिवसांत व्हिडिओ कॉल. तिला सात महिने लागले.

प्रशांतबद्दल, तिच्या नवऱ्याबद्दल, थोडं जास्त सांगायला हवं. तो वाईट नव्हता, फार चांगला होता, आणि अडचण तीच होती. तिने जरा तोंड वाकडं केलं की तो चटकन दूर व्हायचा, "सॉरी सॉरी" म्हणत कूस बदलायचा. पुढे पुढे तर हातही लावेनासा झाला. तिला वाटायचं, याला मी नकोशी झाले. जोडप्यांवर बरंच काम केलेल्या कॅनडातल्या नॅटली रोझेन आणि सोफी बर्जेरॉन यांना असं आढळलं की जोडीदाराची चिडचिड जशी दुखणं वाढवते तशी अति काळजीही वाढवते. उपयोगी पडतो तो जोडीदार जो विचारतो, "मग आज काय बरं वाटेल?"

मी दोघांना तीन महिने संबंध ठेवायचेच नाहीत असं सांगितलं. प्रशांत म्हणाला, "मॅडम, तसेही कुठे आहेत?" तिघंही हसलो. पण फरक होता. आधी टाळणं होतं, आता ठरवणं. जवळ आलं तर पुढे 'ते' येणार ही धास्ती गेली, तेव्हा ती दीड वर्षांनी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून टीव्ही बघायला लागली. मूल कधी, हे सासूबाईंना कुणी सांगायचं यावरही भांडण झालं. शेवटी प्रशांतने सांगितलं, "आई, उपचार चालू आहेत, विचारू नकोस." काय उपचार ते सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

आज ती पूर्ण बरी आहे का? नाही. काडीच्या तपासणीत 9 चे 3 झालेत. संबंध होतात, कधी मध्येच थांबावं लागतं. पाळीच्या आधी आग परत येते, तेव्हा ती बर्फ रुमालात गुंडाळून ठेवते आणि दोन दिवस स्कूटर काढत नाही.

एक गोष्ट राहिली. बँकेत खुर्चीवर ती मधे भोक असलेली गादी ठेवायची. सगळ्यांनी समज करून घेतला मूळव्याध आहे, आणि हिनेही तो राहू दिला, कारण मूळव्याध चारचौघांत सांगता येते. शेजारच्या काउंटरवरच्या कुलकर्णी मॅडम तर प्रेमाने दर मंगळवारी डब्यात सुरणाची भाजी आणायच्या. हिला सुरण आवडत नाही. दोन वर्षं खाल्लं. गेल्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत तिने डबा बाजूला सरकवून त्यांना सगळं सांगितलं, नाव घेऊन, जागा सांगून.

कुलकर्णी मॅडम बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अगं मग इतकं सुरण कशाला खाल्लंस?"